पायाला घुमट

बेस गिटार वाजवणाऱ्याने रिव्हर्बचं पेडल पायाखाली ठेवावं का, हा प्रश्न मी गेली काही वर्षं जवळ बाळगून आहे. वाद्यांच्या दुकानात त्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं आणि तंत्राच्या बाजूने ते बरोबरही असतं. माझी अडचण वेगळी आहे. चारचौघांत ज्याच्या आधारावर बाकीचे उभे राहतात त्याने स्वतःसाठी किती जागा घ्यावी, असं काहीतरी त्या प्रश्नाच्या पोटात आहे, आणि त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही.

ज्यांचा या वाद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुठल्याही बंद जागेत आवाज केला की तो आपल्या कानावर एकदा सरळ येतो, आणि मग भिंती, छत, जमीन यांवर आपटून हजारो वेळा पुन्हा येतो. ही परत येणारी रूपं वेगवेगळी मोजता आली तर तो प्रतिध्वनी. ती एकमेकांत इतकी मिसळली की आवाजाला नुसती एक शेपटी फुटल्यासारखी वाटली, तर तो निनाद, म्हणजेच रिव्हर्ब. ही शेपटी कृत्रिमपणे जोडून देणारी, साबणाच्या डबीएवढी धातूची पेटी म्हणजे पेडल. पायाने दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. वाजवणाऱ्यांच्या भाषेत शेपटीशिवायचा आवाज 'ड्राय' आणि शेपटीसकटचा 'वेट'.

हे शब्द मराठीत आणले की तराजू लगेच एका बाजूला झुकतो. आपल्याकडे ओलावा म्हणजे माया. कोरडं बोलणं, कोरडी चौकशी, कोरडा पाषाण: कोरडेपणाचं कौतुक करणारा एकही वाक्प्रचार मला आठवत नाही. त्यामुळे 'बेस नेहमी कोरडा ठेवावा' हा जगभरच्या वादकांचा नियम मराठीत उच्चारला की निष्ठुर वाटतो. पण घर बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. ओल भिंतीला आली तर रंग जातो, पायाला आली तर घर जातं.

नियमामागचं कारण साधं आहे. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या स्वराची हवेतली एक लाट आठ मीटरांहून लांब असते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवाणखान्यात ती एकदाही पुरती मावत नाही. पडदे, गाद्या, कपडे, माणसं यांत वरचे स्वर लवकर जिरतात, खालचे रेंगाळतात. तेवढ्यात वाजवणारी पुढच्या घरावर बोट ठेवते. तिथला स्वर सेकंदाला जवळजवळ ४४ कंपनांचा. मागचा अजून हवेत, नवा त्यावर चढलेला, आणि दोघांतल्या अडीच कंपनांच्या फरकाने सगळं हेलकावायला लागतं. साध्या चालीच्या गाण्यात सेकंदाला दोन मात्रा पडतात. तीन सेकंदांची शेपटी लावली तर एकेका स्वराचं ओझं सहा मात्रा वाहावं लागतं. ड्रमचा मोठा ठोकाही याच पट्ट्यात बसतो, त्यामुळे तोही बुडतो. ध्वनिमुद्रण करणारे याला चिखल म्हणतात आणि त्यांचा शब्द अचूक आहे.

यावर तोडगेही आहेत. पेडलला पोहोचण्याआधीच खालचे स्वर गाळून टाकायचे आणि फक्त वरच्या भागाला शेपटी लावायची. किंवा मूळ आवाज एका वाटेने जसाच्या तसा जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या वाटेवरच्या निनादाचं त्यात चवीपुरतं मिश्रण करायचं. बेससाठी केलेल्या बऱ्याच पेडलांवर त्याचं बटण असतं. म्हणजे पाया कोरडा आणि वरच्या मजल्याला ओल. तंत्राचा प्रश्न इथे मिटतो.

पहिला नैतिक आक्षेप खोटेपणाचा घेतला जातो. निनाद ही जागेची साक्ष असते. डोळे मिटूनही आपल्याला कळतं की आपण जिन्यात आहोत, विहिरीच्या काठाशी आहोत की देवळाच्या गाभाऱ्यात. मग तळघरात बसून गाभाऱ्याची साक्ष देणं म्हणजे खोटी साक्ष नाही का? मला हा आक्षेप फारसा जड वाटत नाही. १९४७ साली बिल पुटनम या ध्वनिमुद्रकाने शिकागोत तीन माउथऑर्गनवाल्यांच्या मुद्रणासाठी स्टुडिओची न्हाणी वापरली. आवाज तिथे सोडायचा, घुमलेला पुन्हा उचलायचा. कुणाची फसवणूक झाली? पुढे १९५७ साली अडीचशे किलोहून जड चौकटीत टांगलेला पोलादी पत्रा आला, साठीच्या दशकात गिटारवाल्यांच्या अँप्लिफायरमध्ये स्प्रिंगा आल्या, मग गणिताने रचलेल्या खोल्या आल्या. ऐकणाऱ्याला हा संकेत केव्हाच समजलेला आहे, रंगमंचावरचा चंद्र समजतो तसा.

खोटेपणा कुठे बोचतो तेही सांगायला हवं. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांत आकाशवाणी व्हायची ती घुमूनच. देवाला घुमणारा आवाज आणि माणसाला साधा, ही वाटणी आपण लहानपणीच शिकलो. त्यामुळे एखाद्या सभेत किंवा प्रवचनात माइकवर घुमारा चढवला की अगदी सामान्य वाक्यालाही वरून आल्यासारखं वजन येतं. तिथे जागेबद्दल खोटं बोललं जात नाही, अधिकाराबद्दल बोललं जातं. हा मुद्दा बेसलाही लागू होतो. घुमणारा बेस छातीत शिरतो आणि श्रोत्याला काहीतरी भव्य घडत असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात दोनच स्वर वाजत असताना. पण हा वापर ओळखू येतो आणि टाळता येतो. त्यासाठी पेडल फेकून द्यायचं कारण नाही.

माझं मन अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. निनाद नेमका कशातून येतो? रिकामेपणातून. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या सभागृहात व्याख्यान समजेना, म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ते काम दिलं गेलं. तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबाइनने रात्री शांतता झाल्यावर शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा वाहून आणल्या, त्या एकेक मांडत ऑर्गनच्या नळीचा आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. माणूस किती आवाज शोषतो याचाही त्याने हिशेब केला. भरलेलं सभागृह रिकाम्यापेक्षा कोरडं असतं, कारण माणसं आवाज पिऊन टाकतात.

आता विजापूरचा गोलघुमट आठवा. बाहेरून मोजला तर सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट मुहम्मद आदिलशहाच्या थडग्यावर उभा आहे. एका मृत माणसासाठी राखलेली एवढी मोकळी हवा. वरच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलं तर पलीकडे ऐकू येतं, आणि सहलीची पोरं तिथे आपापली नावं ओरडतात ती पुन्हापुन्हा परत येतात म्हणून. घुमट आणि घुमणं या दोन शब्दांची कुळं वेगळी आहेत, घुमट फारसी गुंबदाकडून आला, पण मराठी कानाने त्यांचं लग्न लावून दिलं ते उगीच नाही. घुमणारी जागा राजाची, देवाची किंवा देशोदेशीच्या चर्चची. बाकीच्यांच्या वाट्याला आली ती न घुमणारी.

मी वाढले ती गिरगावातली खोली दहा बाय बाराची होती. भिंतीला गाद्यांची वळकटी, दोरीवर कपडे, माणसं सहा. तिथे हाक मारली की ती तिथल्या तिथे संपायची. आवाजाला लांबायला जागाच नव्हती. त्या खोलीत सगळ्यांत जास्त बोलायची माझी आई आणि सगळ्यांत कमी ऐकू यायची तीच. सगळं तिच्यावर उभं होतं, म्हणून तिच्याकडे बघायची कुणाला गरज पडत नसे. तिला कुणी घराचा पाया म्हटलं की तिला राग यायचा. मला त्याचं कारण कळायला बेस हातात यावा लागला. आमच्या बँडचा ड्रमर मला म्हणाला होता, "तू जमीन आहेस, ढग कशाला होतेस?" वाईट हेतूने म्हणाला नव्हता. सांगीतिकदृष्ट्या बरोबरच होतं. तरी मी त्या रात्री पेडल चालूच ठेवलं.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत हीच वाटणी एका इमारतीत बघायला मिळते. राहत्या घराचा स्टुडिओ केलेला. वादक ज्या खोलीत बसत तिला ते सापांचा खड्डा म्हणत. जेम्स जेमर्सन तिथे एकाच बोटाने बेस वाजवायचा, तारा शक्यतो बदलायचा नाही, तारांखाली स्पंजाचा तुकडा दाबलेला, आणि गिटारची वायर सरळ ध्वनिमुद्रणाच्या टेबलात. याहून कोरडा आवाज काढणं कठीण. माळ्यावर मात्र घुमाऱ्याची खोली होती आणि गायकांचे आवाज तिथे फिरून यायचे. साठीच्या दशकातली कितीतरी गाणी जेमर्सनच्या बोटावर उभी आहेत, पण त्याचं नाव मोटाउनच्या एका मोठ्या तबकडीवर छापलं गेलं ते १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. १९८३ मध्ये तो वारला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं २००० साली, साथीदारांच्या रांगेत. आवाज माळ्यावर न जाणं आणि नाव वेष्टनावर न येणं यांचा कार्यकारणसंबंध आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्ही निर्णय करणाऱ्यांना पायाबद्दल तीच गोष्ट वाटत असावी: तो असतोच.

म्हणून काही हजार रुपयांच्या पेटीने एका चाळीतल्या मुलीला घुमट मिळतो, तेव्हा मला त्यात खोटेपणापेक्षा थोडी फिटंफाट दिसते. एवढी रिकामी हवा विकत घ्यायची माझ्या घराण्यात कुणाची ऐपत नव्हती. १९८७ मध्ये बॉस कंपनीने आरव्ही-२ हे डिजिटल रिव्हर्ब पेडल काढलं तेव्हा या गोष्टीचा कुणी असा विचार केला नसेल, पण मोठ्या स्टुडिओंच्या तळघरात असलेली ती रिकामी हवा तेव्हापासून खांद्यावरच्या पिशवीत मावू लागली.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं की उत्तर सापडलं. मग किंग टबी आठवला आणि ते पुन्हा निसटलं. जमैकात किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत हा माणूस रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करायचा. सत्तरीच्या दशकात त्याने घरातल्या छोट्या स्टुडिओत इतरांची गाणी सोलून काढली. गायकाचा आवाज बहुतेक काढून टाकला, एखादा शब्द ठेवला तर तो स्प्रिंगच्या घुमाऱ्यात फेकून विरू दिला, गिटारचे तुकडे, झांजांचे तुकडे सगळे धुक्यात. मध्ये बेस, बहुतांशी कोरडा, एकटा, डोंगरासारखा. त्या संगीताला डब म्हणतात आणि ते ऐकताना सेवकाचा आवाज कोरडा असतो ही माझी मांडणी कोसळते. तिथे घुमणारे सगळे नाहीसे होत असतात. उरतो तो न घुमणारा. गरीब वस्तीतल्या एका दुरुस्तीवाल्याने पायाला घुमट दिला नाही, त्याच्यावरचं घरच उचलून बाजूला ठेवलं.

मग प्रतिष्ठेचा प्रश्न ओल्याकोरड्यावर ठरत नसावा. आजूबाजूचे त्या आवाजाला किती वाट देतात, यावर तो ठरत असेल.

आपल्या वाद्यांत निनादाची एक वेगळी रीत आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. बेस गिटार मुळात भरीव लाकडाची फळी. लिओ फेंडरने १९५१ साली ती बाजारात आणली तेव्हा डबल बेसचं मोठं पोट कापून टाकणं हाच तिचा फायदा होता. तिला स्वतःची खोली नाही. मिरजेच्या सतारीला भोपळा असतो, सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांतून आलेला, आणि शिवाय मुख्य तारांखाली तरफा असतात. तरफेला कुणी हात लावत नाही. वरचा स्वर तिच्या स्वराशी जुळला तर ती आपण होऊन बोलते, न जुळला तर गप्प. दगडी घुमट येईल त्या आवाजाला परत फेकतो, शिवीलाही आणि आलापालाही. तरफ निवडते. वादकाने मैफिलीआधी बसून ती त्या रागाला लावलेली असते, म्हणजे कशाला प्रतिसाद द्यायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. माझ्या पेडलमधली गणिती खोली अजून तरी घुमटाच्या जातीची आहे. तिला माझा चांगला स्वर आणि बोट घसरल्याचा करकराट सारखाच प्रिय.

ही सगळी चर्चा मी एकटीच्या बळावर केली असती तर सोयीस्कर ठिकाणी थांबवली असती. पण बेंगळुरूत आमच्या चार जणांच्या बँडमध्ये गाणाऱ्या अक्का आहेत. मंगळूरच्या, घरची भाषा कोंकणी, वय साठीच्या पुढे. जुनी इंग्रजी गाणी, काही कोंकणी, क्वचित एखादं कन्नड. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या वरच्या स्वरांत वारा शिरला आहे. स्वर लागतो, पण त्याची कड उडालेली असते. त्या माइकवरचा घुमारा वाढवून घेतात. लहान हॉलमध्ये दोन स्पीकर, त्यांतूनच सगळं बाहेर येणार. दोघींचा निनाद एकत्र आला की शब्द विरघळतात.

एकदा कार्यक्रमाआधी त्या म्हणाल्या, "तुझी ती ढगांची पेटी आज बंद ठेवशील का गं?"

मी विचारलं, "अक्का, तुमच्या तुटणाऱ्या स्वराखाली मी लांबवलेला स्वर धरला तर? तंबोऱ्यासारखा. कुणाला कळणारही नाही."

त्या हसल्या. "माझं मी झाकीन. तू कशाला झाकतेस?"

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या आवाजावरचा घुमारा ही त्यांनी स्वतः घेतलेली शाल आहे. किती ओढायची, कधी खांद्यावरून खाली सोडायची ते त्या ठरवतात. एका कोंकणी गाण्यात तर शेवटच्या ओळीला त्या ध्वनियोजकाला खूण करून सगळा घुमारा काढायला लावतात आणि उघड्या, फाटक्या आवाजात गातात. श्रोते तेव्हा श्वास रोखून असतात. माझा लांबलेला स्वर त्याखाली असता तर मी त्यांना मदत केली असती आणि त्यांच्या हातून तो क्षण काढून घेतला असता. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच मायेच्या दिसतात.

याचा अर्थ त्यांचं म्हणणं प्रत्येक वेळी शेवटचं, असं मी मानत नाही. बँडमध्ये वयाने मोठ्या माणसाचा मान असतो आणि तो मी ठेवते. पण दोन गाण्यांत मी अडून बसले. ती गाणी मी बांधली आहेत, त्यांच्या सुरुवातीला बत्तीस मात्रा फक्त बेस आहे, आणि तो कोरडा वाजवला तर ते गाणं सुरूच होत नाही. अक्कांनी ऐकून घेतलं. "तेवढ्या तुझ्या," म्हणाल्या. वाटणी झाली. ती न्याय्य आहे का, हे मला सांगता येणार नाही. त्यांच्याकडे वर्षं कमी उरली आहेत आणि माझ्याकडे गाणी कमी आहेत. या दोन उणिवा एका मापाने कशा मोजायच्या?

व्यवहारात प्रश्न उरतो तो सांध्याचा. माझ्या बत्तीस मात्रा संपतात तिथे त्यांचा पहिला शब्द येतो. बऱ्याच पेडलांत बंद करण्याचे दोन पर्याय असतात. एकात स्विच दाबताक्षणी शेपटी तोडली जाते, दुसऱ्यात नवीन काही आत जात नाही पण आधीचं जे घुमतंय ते आपल्या गतीने विरू दिलं जातं. तोडलं तर त्यांच्या शब्दाआधी एक खड्डा पडतो आणि त्यांना त्यात उडी मारून गायला लागतं. विरू दिलं तर माझा संपलेला स्वर त्यांच्या पहिल्या शब्दाखाली पाय पसरून बसलेला असतो. मी बंद केलं, असं म्हणायला मोकळी, आणि आवाज माझाच.

सध्या मी विरू देण्याचा पर्याय ठेवते, पण स्वर आधीच सोडते. उजव्या हाताचा तळवा तारांवर ठेवून तार थांबवायची, पायाने स्विच दाबायचा, आणि अक्कांनी श्वास घेईपर्यंत उरलेलं हवेत संपायला हवं. हॉल माणसांनी भरलेला असेल तर दोन मात्रा आधी सोडलं की पुरतं. बाहेर पाऊस असेल आणि मागच्या रांगा रिकाम्या असतील, तर चार लागतात.